धुरपामायची गुळणी

गावाला रस्ता नव्हता, दवाखाना ऐकूनही माहीत नव्हता, आणि दाढ दुखली तर लोहाराच्या सांडशीशिवाय दुसरा वाली नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. ऐका.

एका उघड्याबोडक्या डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती. अलीकडं बोरजाई, पलीकडं खडकवाडी. मधल्या खिंडीच्या पलीकडच्या उतारावर एक झरा होता, उंबरझरा. एरवी त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नसे. पण त्या साली लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला, दोन्ही गावांच्या विहिरी तळाला गेल्या आणि वाहतं पाणी उरलं ते एवढं एकच. मग काय विचारता! खडकवाडी म्हणे झरा आमचा, बोरजाई म्हणे आमचा. घागरी फुटल्या, मग डोकी फुटली. शेवटी तिसऱ्या गावचे पंच येऊन बसले आणि त्यांनी एक जुना रिवाज उकरून काढला. गावाचं शिंग जिथवर ऐकू येतं, तिथवर त्या गावाची शीव.

ठरलं. चैत्री पौर्णिमेच्या सकाळी बोरजाईनं आपल्या भैरोबाच्या पारावरून तीन वेळा शिंग फुंकायचं. पंच झऱ्यावर उभे राहणार. ऐकू आलं तर झरा बोरजाईचा. नाही आलं, तर बोरजाईच्या माणसानं पुन्हा तिकडं फिरकायचं नाही.

खडकवाडीनं हसत हसत मान डोलावली. खिंडीपलीकडं शिंगाचा आवाज आजवर कधी गेलाच नव्हता. पण बोरजाईकडं सटवा होता. बावीस वर्षांचा गडी, भैरोबाचा शिंगाड्या. त्यानं शिंग फुंकलं की कड्यावरची घारसुद्धा जागा बदलायची, असं म्हणतात.

आणि पौर्णिमेला तीन दिवस राहिले असताना सटवा सकाळी उठला तो गाल धरूनच! डावा जबडा टम्म सुजलेला. तोंड करंगळीएवढंही उघडेना. अक्कलदाढ!

लोक आधी हसले. "सटवाला अक्कल यायला लागली रे!" मग एकेकाच्या ध्यानात आलं की शिंग काही मनगटानं वाजत नाही, गालानं वाजतं. हसू जागच्या जागी विरलं. घटकाभरात सगळं गाव सटवाच्या अंगणात गोळा झालं, आणि लोहार सांडशी घेऊन आला.

ही बातमी गावाबाहेरच्या माळावर धुरपाच्या कानावर गेली.

धुरपा मूळची इथली नव्हे. कोकणातून घाट चढून मीठ आणणाऱ्या बैलांच्या तांड्याबरोबर ती अकरा वर्षांपूर्वी आली होती. नवरा घाटातच गेला होता, ती तापानं फणफणली होती. थांबायला तांड्याला सवड नव्हती. त्यांनी मिठाची एक गोणी आणि मसाल्याचा एक बटवा तिच्या उशाशी ठेवला आणि बैल पुढं हाकले. धुरपा वाचली. माळावर खोपट बांधून राहिली. गाव तिच्याकडून मीठ घ्यायचं, पण तिला उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं नव्हतं. वाट बघून बघून तिनंही ती आशा सोडली होती.

पण सांडशी हा शब्द कानावर पडला आणि पाखडता पाखडता तिचं सूप थांबलं. तिच्या पाठच्या भावाची दाढ अशीच ओढली होती. दाढ मध्येच मोडली, सूज गळ्यात उतरली आणि नवव्या दिवशी भाऊ गेला. हातातलं सूप टाकून धुरपा धावत सुटली. माळ ओलांडला, ओढा ओलांडला, गर्दी दोन्ही हातांनी बाजूला सारली आणि लोहार सटवाच्या छातीवर गुडघा टेकवत होता तिथं जाऊन उभी राहिली.

"लोहारदादा, सांडशी खाली ठेवा!"

"तू कोण सांगणार?" लोहार गुरगुरला.

"मी कुणी नाही. पण आज दाढ उपटलीत तर तीन दिवसांनी रक्तानं भरलेल्या तोंडानं हा शिंग फुंकणार आहे का?"

गावच्या बहिर्जी पाटलांनी लोहाराला हातानं मागं केलं. धुरपानं हात धुतले, सटवाचं तोंड उन्हाकडं वळवलं आणि उघडेल तेवढ्या फटीतून आत पाहिलं. कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. पू दिसत नव्हता.

"दाढ अर्धी वर आलीय. तिच्यावरच्या चामडीखाली अन्न अडकून हिरडी चिडलीय," ती म्हणाली. "पाटील, खरं सांगते. दाढ बरी करणं माझ्या हातात नाही. ती तिच्या वेळेनं येईल. मी फक्त ठणका बसवू शकते."

"शिंग फुंकण्याइतका?"

"जीव लावून बघते. पण मला पाणी लागेल. दिवसातून सहा वेळा गुळण्या. दोन घागरी तरी हव्यात."

दोन घागरी! त्या दिवसांत घरटी दिवसाला एक घागर मिळत होती. एक बाई ओरडलीच, "पोरांच्या नरड्याला पाणी नाही आणि हिला थुंकायला घागरी?"

कुणी पुढं होईना. तेव्हा सटवाची आई गोजरा आत गेली आणि आपल्या वाट्याचा तांब्या घेऊन आली. तिनं तो धुरपाच्या पुढ्यात ठेवला. मग शेजारीण गेली. मग ती ओरडलेली बाईसुद्धा पदराआड फुलपात्र लपवून आली. कुणी ओंजळभर, कुणी घोटभर. सूर्य कलायच्या आत सगळ्या बोरजाईच्या तहानेनं दोन घागरी काठोकाठ भरल्या.

धुरपानं पदर खोचला. पाणी उकळलं, त्यात मीठ टाकलं, कोमट होऊ दिलं. "डाव्या गालात धर. वीस मोज. आता हळू थुंक." मग बटव्यातली लवंग काढून कुटली, तिळाच्या तेलाच्या थेंबात कालवली आणि कापसाच्या बोंडावर घेऊन दाढेशी टेकवली. अगदी थोडी, कारण लवंग जास्त झाली तर हिरडी पोळते. गालावर रांजणाच्या गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं. खायला गार आंबील. निजताना उशाला दोन घोंगड्या, म्हणजे डोकं उंच राहील.

दुसऱ्या दिवशी सटवाच्या तोंडात एक बोट जाऊ लागलं. गाव हरखलं!

तिसऱ्या दिवशी दुपारी ठणका असा उलटला की सटवा खांबाला मिठी मारून रडला. लोहार पुन्हा दारात आला. पाटलांचाही धीर सुटत चालला. "धुरपा, अजून सांग. ओढायची का?"

आपल्या हट्टानं झरा गेला तर हे गाव आपल्याला माळावर तरी राहू देईल का, हा विचार धुरपाच्या मनात येऊन गेला. पण डोळ्यांपुढं भाऊ उभा राहिला. "नाही," ती म्हणाली. तिनं बाभळीची साल आणि पेरूची कोवळी पानं उकळली, काढा गाळला आणि मिठाच्या गुळणीनंतर त्याचीही गुळणी दिली. पुन्हा लवंग. पुन्हा गार फडकं. संध्याकाळी सटवा बसल्या बसल्या पेंगला. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

पौर्णिमा उजाडली. भैरोबाच्या पारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिंडीच्या माथ्यावर एक गडी उभा होता. झऱ्यावर आवाज पोचला की पंच पांढरं फडकं हलवणार आणि हा गडी आपली पगडी हलवणार. सगळ्यांचे डोळे माथ्यावर. सटवानं शिंग उचललं, ओठाला लावलं, फुंकलं.

आणि दाढेतून अशी कळ निघाली की शिंगातून करडू ओरडल्यासारखा आवाज आला. माथ्यावरचा गडी हलला नाही.

दुसऱ्यांदा फुंकलं. आवाज खिंडीपर्यंत गेला आणि तिथंच मेला. गडी हलला नाही.

एकच फुंक उरली! सटवाचे डोळे पाण्यानं भरले. धुरपा पारावर चढली. बटव्यात तळाशी राहिलेली शेवटची लवंग तिनं दाढेशी दाबली आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"पोरा, तू दाढेशी भांडतोयस. भांडू नको. तिला डाव्या अंगाला निवांत बसू दे. उजवा गाल तुझाच आहे ना? त्यानं फुंक."

सटवानं डोळे मिटले. शिंग उजवीकडं सरकवलं. छाती भरली, अजून भरली, आणि फुंकलं!

पारावरची धूळ उठली. पिंपळाची पानं उलटी झाली. आवाज खिंडीवर जाऊन धडकला, थांबला, आणि खिंड ओलांडून पलीकडं कोसळला. झऱ्याचं पाणी वीतभर वर उसळलं, असं म्हणतात. दावणीची गुरं दावी तोडून उभी राहिली, असं म्हणतात. माथ्यावरचा गडी पगडी हलवायला लागला तो थांबेचना, हलवता हलवता नाचायलाच लागला!

"झरा आपला! झरा आपला!"

घटकाभरानं गडी उड्या मारत खाली आला. "अरे झऱ्याचं काय घेऊन बसलात! आवाज खडकवाडीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. पंचांनी माणूस पाठवून विचारलं!"

म्हणजे रिवाजाप्रमाणं झराच काय, अख्खी खडकवाडी बोरजाईच्या शिवेत आली होती. पोरांनी काठ्या उचलल्या. आरोळ्या उठल्या. तेवढ्यात पंच आले आणि त्यांच्या मागून खडकवाडीचे म्हातारे पाटील, पागोटं हातात घेऊन, अनवाणी. त्यांना बघून आरोळ्या थांबल्या.

बहिर्जी पाटील धुरपाकडं वळले. "आजचा दिवस तुझा. माग काय हवं ते."

अकरा वर्षांत धुरपाला असं कुणी विचारलं नव्हतं.

"पाटील, अकरा वर्षं मी तुमच्या शिवेच्या बाहेर राहिले. बाहेर राहणं काय असतं ते मला विचारा. त्या गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत जाताना मला बघवणार नाही. झऱ्याला शीव घालू नका."

बहिर्जी पाटलांनी मान खाली घातली. मग ते पारावरून उतरले, म्हाताऱ्या पाटलांच्या हातातलं पागोटं घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या डोक्यावर ठेवलं. आणि गोजरानं धुरपाचं मनगट पकडलं. "ते झऱ्याचं पुरुष बघतील. तू आधी माझ्या घरात चल, माय."

त्या दिवसापासून झरा दोन्ही गावांचा झाला आणि ती धुरपामाय झाली.

सटवाची दाढ पुढं महिन्याभरात सरळ वर आली. धुरपामाय खूप जगली. दोन्ही गावांची माणसं गाल धरून तिच्याकडं यायची. ताप असला, सूज गळ्याकडं उतरली, घोट गिळवेना, की ती बटव्याला हातही लावत नसे. तिथल्या तिथं गाडी जुंपायला लावून मोठ्या गावच्या वैद्याकडं धाडायची आणि स्वतः बरोबर जायची. ती गेली त्या दिवशी पारावर टांगलेलं शिंग कुणी न फुंकता घुमलं, आणि दोन्ही गावांच्या चुली विझल्या, असं म्हणतात.

आता रस्ता झालाय. दाढ दुखली की लोक तालुक्याला डॉक्टरकडं जातात. पण बोरजाईत कुणाला अक्कलदाढ फुटायला लागली की पहिल्या गुळणीला घरचं मीठ घेत नाहीत. खिंड चढून खडकवाडीला जातात. खडकवाडीचा माणूस असला तर तो बोरजाईला येतो. कुठल्याही दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "धुरपामायच्या नावानं चिमूटभर मीठ वाढा." बांधावरून कोर्टात भांडणारी घरंसुद्धा या मागण्याला नाही म्हणत नाहीत. आणि मीठ असं दारातल्या दारात देत नाहीत. घरची बाई आधी त्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेते, बसायला घोंगडी टाकते, पाण्याचा तांब्या पुढं ठेवते, आणि मगच मिठाची बरणी उघडते.