शूर आणि धाडसी

लहानथोर हो, ऐका. फार फार वर्षांपूर्वी एका बोडक्या कड्याच्या माथ्यावर एक गाव वसलं होतं. कड्याच्या पोटाला आग्या माशांची मोठमोठी मोहळं लागत. तो मध हेच गावाचं धन.

मध काढायला खेमा नावाचा गडी दोरावरून खाली उतरे. पायाखालची दरी बघून त्याला हसू येई. माथ्यावर झाड नव्हतं, म्हणून तिघे जण दोर धरून बसत. त्यांतल्या धाकलूला उंचीची भारी भीती. कडेला आला की तो खाली बसून सरपटत पुढं जाई, आणि लोक त्याची नक्कल करून हसत.

खेमाला मात्र लोक कधी शूर म्हणत, कधी धाडसी. दोन्ही शब्द त्यांना सारखेच वाटत.

गावचा नाईक थकला होता. तो म्हणाला, "यंदाचा मध उतरला की गाव दुसऱ्याच्या हाती देतो. माझ्यामागं शूर माणूस हवा." सगळ्यांनी मनात खेमाचं नाव ठरवून टाकलं.

मधाचा दिवस आला. खेमा गाणं म्हणत उतरला आणि त्यानं मोहळाला धूर दिला. तोच वारा फिरला. धूर दरीत गेला, आणि माशांचा लोट उसळून माथ्यावर आला.

दोर धरणारे दोघे बोंब ठोकत पळाले. धाकलूही ओरडला, पण त्यानं दोर कमरेला वेढला, खडकाच्या भेगेत टाचा रोवल्या आणि डोळे मिटून घेतले. माशा त्याच्या मानेला, कानांना, पापण्यांना डसत होत्या.

"खेमा, लवकर ये रे! मला लई भ्या वाटतंय!" तो रडत हाका मारत राहिला.

खेमा दोराला धरून वर चढला. धाकलूला त्यानं घोंगडीत गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून घरी आणलं.

धाकलूची सूज उतरल्यावर गाव पारावर जमलं. नाईक म्हणाला, "शूर असेल त्यानं पुढं यावं." लोकांनी खेमाला पुढं ढकललं. खेमानं हात जोडले.

"नाईकबाबा, मी धाडसी आहे, हे खरं. पण मला दरीची भीती कधी वाटलीच नाही, मग त्यात माझी मर्दुमकी ती काय? त्या दिवशी वरचं काही दिसत नव्हतं. दोर मात्र सारखा थरथरत होता. धरणारा किती भ्यालाय, ते माझ्या हातांना कळत होतं. तरी दोर वीतभरही सैल झाला नाही. शूर तो."

धाकलू खाली मान घालून पुटपुटला, "पण बाबा, मी तर रडलो."

"रडलास," नाईक म्हणाला, "पण सोडलं नाहीस." आणि त्यानं गावाची काठी धाकलूच्या हाती दिली.

पळालेले दोघे मागं तोंड लपवून बसले होते. नव्या नाईकानं पहिल्यांदा त्यांनाच हाक मारली. "भ्या मलाही वाटतं, गड्यांनो. पुढच्या खेपेला माझ्या शेजारी बसा."

ते बसले. त्यानंतर त्या कड्यावर कुणाचाही दोर सुटला नाही.

तात्पर्य: ज्याला भीती वाटत नाही तो धाडसी, भीती वाटत असूनही जो दुसऱ्यासाठी जागचा हलत नाही, तो शूर.