देवदूताचा पायमोजा

एकदा हॉलंड देशातल्या कालव्याकाठच्या एका गावात एक वृद्ध धर्मगुरू राहत होते. ते चर्चसाठी चित्रे काढीत आणि ती कला इतरांनाही शिकवीत. त्यांचा एक शिष्य हाताने फार कुशल होता.

एके दिवशी गावातली एक बाई आली. तिची चार वर्षांची मुलगी यानेके हिवाळ्यात तापाने गेली होती.

"फादर, तिचा फोटो काढायचं राहूनच गेलं. आता डोळे मिटले की चेहरा पुसटच दिसतो हो. तुमच्या नव्या चित्रातल्या एखाद्या देवदूताला तिचा चेहरा द्याल का?"

शिष्याने तिला विचारून विचारून नाक, डोळे, केस सगळे लिहून घेतले आणि आठ दिवस खपून देवदूत काढला. गुलाबी गाल, सोनेरी केस. बाईने पाहिले. "छान आहे," म्हणाली आणि खाली मान घालून उभी राहिली.

गुरूंनी सुरी घेतली आणि तो ओला देवदूत खरवडून टाकला.

"फादर! अहो, आठ दिवसांचं काम!" शिष्य कळवळला.

गुरू बाईकडे वळले. "मुली, तू तिला रागवायचीस कशावरून?"

बाई आधी दचकली. मग भडाभडा बोलू लागली, "पायमोजा, फादर! डावा पायमोजा सारखा खाली यायचा. दिवसातून दहादा वर ओढायचे मी. पाय गारठतील म्हणून ओरडायचे. आजारी पडली त्या दिवशीसुद्धा ओरडलेच."

गुरूंनी कुंचला उचलला.

"देवदूताला पायमोजा?" शिष्य पुटपुटला.

"इथली थंडी त्यांनाही लागते," गुरू म्हणाले.

त्यांनी देवदूत म्हणून पाठमोरी मुलगी काढली. डावा पायमोजा घोट्याशी गोळा झालेला. बाई नकळत पुढे वाकली आणि दोन बोटांनी तो वर ओढू लागली. "थांब गं जरा, हलू नकोस," म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

ओला रंग पसरला. शिष्य फडके घेऊन धावला. गुरूंनी त्याचे मनगट धरले.

"राहू दे. नाकडोळे आपल्याला लागतात, चित्र काढणाऱ्यांना. आईला रोजचं काम आठवतं. लेकरू जातं, ते काम मात्र तिच्या हातात तसंच उरतं. ते करायला तिला कुठे जागाच नव्हती."

चित्र तसेच चर्चमध्ये लागले. पायाशी डाग कसला, असे कोणी विचारले की शिष्य हळू आवाजात सांगे, "तिथे तिच्या आईचा हात लागलाय."