कुलपाचं गाणं

'खडखडाट' हा चार मुलींचा पंक बँड. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं गावच्या बाजारातल्या बायकांच्या संडासाला तीन वर्षं लागलेल्या कुलपावर. जत्रेत त्यांचा कार्यक्रम सुरू होणार, तोच नगराध्यक्ष दौलतराव स्टेजवर चढले आणि त्यांनी माइक हिसकावून घेतला.

"ह्या गाण्यानं माझी बदनामी होते. माफी मागा, नाहीतर कार्यक्रम बंद!"

कार्यक्रमाची परवानगी दौलतरावांच्याच सहीची होती. पण समोरच्या गर्दीत निम्म्या बायका होत्या. माइक नसला तरी गायिका वैजूचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "साहेब, माफी कशाला? आम्हाला खोटं पाडा. आत्ता कुलूप काढा, म्हणजे गाणं खोटं ठरेल आणि बदनामी आमची होईल. मग ते आम्ही जन्मात म्हणणार नाही!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दौलतरावांना नाही म्हणता येईना. चडफडत त्यांनी शिपायाला किल्ली घेऊन पिटाळलं.

कुलूप निघालं, कार्यक्रमही झाला. ते गाणं तेवढं वगळलं.

"आपलं सगळ्यात चांगलं गाणं गेलं गं," ड्रम वाजवणारी शबाना हळहळली.

"जाऊ दे," वैजू म्हणाली, आणि सुटकेचा निःश्वास टाकत संडासापुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.