मोहाचं पहिलं तेल

थांबा जी, ते फूल उचलू नका. रागावले नाही मी, पण हात आवरा. या एका झाडाखालचं फूल आमच्यात कुणी उचलत नाही. खाली बघा, किती सडा पडलाय, माश्या घोंघावताहेत, निम्मी फुलं कुजायला लागली. आणि त्या पलीकडच्या मोहाखाली बघा, एक फूल सापडायचं नाही. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन हजर असतात. वाळवून ठेवलं की हेच फूल पावसाळाभर खायला पुरतं. मग हे एकच झाड का सोडलं, असं पाहुणे विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत, सरळ हात घातलात, म्हणून ओरडावं लागलं. बसा सावलीला. मी जैवंता मडावी, भिवटोल्यातच जन्मले आणि इथंच नांदले. आजेसासूने मला सांगितलं तसं सांगते.

फार मागं हे झाड सोनकी नावाच्या बाईचं होतं म्हणे. आमच्यात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कुणाची चार, कुणाची दहा. सोनकीचं हे एकच, आईकडून आलेलं. नवरा लवकर गेला, पदरात दोन लेकरं. फुलं पडली तर चूल पेटायची.

समोर ती बोडी दिसते ना, आमचं लहान तळं, तिच्या काठच्या कोह्याच्या झाडावर वाघळं लटकायची. मोठाली, कोल्ह्याच्या तोंडाची. दिवेलागणीला उठायची आणि थेट मोहावर. सकाळी सोनकी यायची तर खाली चघळून थुंकलेला चोथा. तिचं डोकं फिरायचं. फिरणारच, लेकरं उपाशी असली की कुणाचंही फिरेल. तिने टोल्याला, म्हणजे आमच्या या वस्तीला, गोळा केलं आणि म्हणाली, "माझ्या पोरांच्या तोंडचा घास ही काळतोंडी खातात, आणि तुम्ही बघत बसता? आज माझं झाड, उद्या तुमचं."

गावचा पुजारी, आम्ही त्याला भूमका म्हणतो, तो एवढंच बोलला, "त्यांना इथं आपण बसवलं नाही, तर उठवायचं कशाला?" पण त्याचं ऐकतो कोण!

मग भर दुपारी कोह्याखाली ओला पाला आणि वाळल्या मिरच्या पेटवल्या. ढोल बडवले. वाघळं उन्हात आंधळ्यासारखी भिरभिरली म्हणे. आयांच्या छातीला पिल्लं चिकटलेली. काही पिल्लं सुटून बोडीत पडली. सांजेपर्यंत कोहा रिकामा झाला, वाघळं गेली ती परतलीच नाहीत. हे सांगायला आजही जड जातं.

पुढच्या फागुनात काय फुलं पडली म्हणता! टोपल्या पुरेनात. चोथा नाही, काही नाही. लोकांनी सोनकीला खांद्यावर घेऊन नाचवलं. अशी बाई टोल्यात पाहिजे, म्हणाले.

मग जेठ आला. मोहाच्या फळाला आम्ही टोळी म्हणतो. तिच्या बियांचं तेल निघतं. भाजीत तेच, दिव्यात तेच, बाळंतिणीला आणि बाळाला चोळायला तेच. त्या वर्षी फांद्यांवर टोळीच धरली नाही. लोक म्हणाले, होतं एखाद्या वर्षी. दुसऱ्या वर्षीही तेच. फुलं ढिगाने, फळ नाही. देवाला कोंबडे दिले, नवस बोलले. काही नाही. घरांत दिवा लागेना, बायांचे केस गवतासारखे झाले, तान्ह्या पोरांची कातडी फुटायला लागली. वादळात जुना मोह पडला तर त्याच्या जागी नवं रोप उगवेना. शेवटी जाणती माणसं बोलू लागली, ही जागा रुसली, टोला उचलून दुसरीकडं नेऊ.

वाघळांचं नाव कुणी घेतलं नाही. कुणाला सुचलंच नाही हो! फुलं तर भरपूर होती ना?

त्याच सुमारास सोनकीची बहीण आजारी पडली. सोनकी तिच्याकडं चिचटोल्याला गेली ती फागुनापासून जेठापर्यंत राहिली. तिथं वाघळं होती. बहिणीने मोहाच्या खालच्या फांदीवर जुनं लुगडं टाकून ठेवलेलं, तेवढी तरी फुलं वाचावीत म्हणून. सोनकी मनात हसली. सांजेला अंगणात बसून ती बघायची, वाघूळ आलं की फुलांच्या घोसात तोंड खुपसायचं, पिवळं पीठ माखून बाहेर काढायचं आणि तसंच दुसऱ्या झाडावर जायचं. जेठात टोळी धरली. सगळं झाड लदलेलं, आणि लुगड्याखालची फांदी तेवढी मोकळी.

बहीण म्हणाली, "कीड लागली असेल."

सोनकी उठून झाडाखाली गेली. त्या फांदीला हात लावून उभी राहिली आणि रडली म्हणे.

आता बघा, ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? तिच्यावर कुणाचं बोट नव्हतं. उलट टोल्यात मान होता. पण ती परत आली तेव्हा इथं भांडीकुंडी बांधायला सुरुवात झाली होती. ती सगळ्यांसमोर उभी राहिली. म्हणाली, "जागा रुसली नाही. मी चुकले. आपण ज्यांना हाकललं, तेच आपल्या झाडांना फळ धरवत होते."

मायबाई, काय तो गोंधळ! खांद्यावर घेणारेच अंगावर धावले. भूमक्याने कसंबसं आवरलं. तेव्हा सोनकीने आण घेतली. "माझा मोह आजपासून त्यांचा. एक फूल मी वेचणार नाही. आणि इथल्या बियांचं तेल निघेस्तोवर माझ्या डोक्याला तेल लागणार नाही." कुणीतरी खिदळलं, "तेल आहेच कुणाकडं?"

लोक गेले नाहीत, थांबले. पण सोनकीशी बोलेनात. तिने दुसऱ्यांचं धान कांडलं, कंदमुळं उकरली, लेकरं जगवली. स्वतःच्या झाडाखाली फुलं सडताना रोज बघायची. भरल्या झाडाजवळ उपाशी बसायचं, सोपं आहे का? वर्षं गेली. केसांच्या जटा झाल्या, मग त्या पांढऱ्या झाल्या.

मग एका फागुनात वाघळं आली. कुणी म्हणतं देवाने धाडली, कुणी म्हणतं चिचटोल्याचं त्यांचं झाड वादळात पडलं. मला विचाराल तर दोन्ही खरं. पहिल्यांदा थोडी आली, मग कोहा काळा झाला. जेठात टोळी धरली.

पहिलं तेल निघालं तेव्हा बाया वाटी घेऊन सोनकीकडं गेल्या. इतकी वर्षं जिच्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत, तिच्याशी बोलायचं काय? कुणाला जमेना. मग एकीने नुसतं तिला पुढ्यात बसवलं आणि जटा सोडवायला घेतल्या. दिवसभर सोडवत होत्या म्हणे. सोनकी तेवढंच म्हणाली, "हळू गं, दुखतं."

आजही टोल्यात टोळीचं पहिलं तेल कढईत पडत नाही, दिव्यातही नाही. बोडीवरून वरात गेली तर ढोल थांबतात, आणि हे झाड वाघळांचं ते वाघळांचंच. ते पहिलं तेल टोल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर घालतात, इथंच, या झाडाखाली बसवून. वर्षभर जिच्याशी भांडण झालं असेल, तिनेच ते घालायचं. गेल्या जेठात तो मान पहिल्यांदा माझ्याकडं आला. माझी धाकटी जाऊ आली, आमचं बोलणं बंद होतं. तिने तेल घातलं, ते ओघळून माझ्या डोळ्यांत गेलं, आणि मी म्हणाले, हळू गं.