भैरू मिस्त्रीच्या सात खुंट्या

नदी जिथे विळ्यासारखी वळते, त्या वळणाच्या पोटात नांदरवाडी. गावातून नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक करंजाचे झाड होते. त्या झाडाखाली कल्याणगिरी महाराज बारा वर्षे राहिले. ते कुठून आले हे गावाने कधी विचारले नाही, आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. अंगावर एक घोंगडी, बसायला एक पोते. एवढाच त्यांचा मठ!

ते झाड आता नाही. वाट डांबरी झाली. पूर्वी माघ महिना लागला की सगळ्या शिवारावर गुऱ्हाळांचा गोड धूर उतरायचा. अंथरुणाला त्याचा वास, लुगड्याला त्याचा वास, म्हशीच्या दुधालासुद्धा त्याचा वास. हल्ली ऊस ट्रॉलीत बसून कारखान्याला जातो. भाविकहो, ज्यांनी तो धूर पाहिला असेल त्यांनी क्षणभर डोळे मिटावेत. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा पाहावा. ही कथा त्या धुरातली आहे.

खुंट्या

गावात सुतार होता, लोहार होता. त्यांची घरे वंशपरंपरेने ठरलेली होती. भैरू मिस्त्री त्या वाटणीत कुठेच नव्हता. मोडेल ते जोडायचे, एवढाच त्याचा धंदा. बोलावेल त्याच्याकडे जायचे. रोज पहाटे करंजाखालची जागा झाडायची, महाराजांच्या पायावर डोके ठेवायचे आणि मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावायची.

बोलावणारे फार झाले तेव्हा त्याने घराच्या पुढच्या भिंतीत सात खुंट्या ठोकल्या. ज्याचे काही मोडले असेल त्याने येऊन ते खुंटीला टांगावे. पहिली खुंटी पहिली. दिवसाला सात कामे. पुढचा माणूस उद्या.

कंदिलाचे कडे. बादलीचा कान. जात्याचा खुंटा. कुणाच्या छत्रीची काडी. एकदा तर बाजाच्या पेटीचा फाटका भाता लटकत होता, आणि वाऱ्याने तो मध्येच उसासे टाकायचा.

"गरीब-श्रीमंत बघायचं न्हाई," भैरू अभिमानाने सांगायचा. "खुंटी सांगंल ते."

लोकांनाही ते आवडले होते. एका माणसाला सोडून.

हिंदुराव निंबाळे म्हणजे नांदरवाडीचा सर्वांत मोठा बागायतदार. नदीकाठचे गुऱ्हाळ त्याचे, गावाबाहेरचे दोन मळे त्याचे. भैरूने सालाने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, आपल्याकडे राहावे, दुसऱ्या कुणाचे काम घेऊ नये, अशी त्याची इच्छा होती.

भैरू हात जोडून म्हणाला होता, "मालक, तुमचं काम करीन. पण तुमचा माणूस व्हनार न्हाई."

हिंदुराव तेव्हा हसला. दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आत त्याचा गडी आला आणि त्याने सातही खुंट्यांना सात वस्तू टांगल्या. पोपटाच्या पिंजऱ्याचे दार. बैलाच्या गळ्यातली घंटा. अडकित्ता. चहाच्या किटलीचे झाकण. असलेच काहीबाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सात. आठवडाभर हेच चालले.

पारावर हिंदुराव मिशीवर हात फिरवीत म्हणायचा, "काय मिस्त्री, खुंटी सांगंल ते ना? मग खुंटी काय सांगतीय?"

आणि पार हसायचा. भैरू मान खाली घालून पोपटाच्या पिंजऱ्याचे दार ठोकत बसायचा. नियम त्याचाच होता. मोडणार कसा?

रिकाम्या हातांची बाई

त्या आठवड्यात तान्हूबाई तीनदा येऊन गेली. म्हातारी, विधवा, पलीकडच्या आळीत राहणारी. लेक बाळंतपणाला आलेली. घराचे आढे, म्हणजे ज्याच्यावर सगळे छप्पर तोललेले असते ते मधले लाकूड, ज्या मेढीच्या खांबावर टेकले होते ती मेढ खालून कुजली होती.

"भैरू, माझं काय रं?"

"आक्का, खुंटी रिकामी न्हाई. आन् रिकामी असती तरी तू टांगणार काय?"

"काय टांगू बाबा? घर टांगू?"

तिथे उभी असलेली माणसे हसली. तान्हूबाईही हसली, आणि पदर सावरून परत गेली.

आठव्या दिवशी सकाळी महाराज त्या वाटेने चालले होते. भैरूच्या घरासमोर ते थांबले. एकेका खुंटीकडे त्यांनी निरखून पाहिले. घंटेला बोट लावून ती वाजवून पाहिली.

"भैरू, या खुंट्या कुणी ठोकल्या?"

"मीच, महाराज. कुणावर अन्याय हुऊ नये म्हणून."

"फार चांगलं केलंस. मग तान्हूबाईचं छप्पर यातल्या कुठल्या खुंटीला आहे?"

भैरूने हातोडी खाली ठेवली.

"छप्पर टांगता येत न्हाई, महाराज."

"असं होय!" महाराज म्हणाले. "म्हणजे ज्याचं मोडलेलं हलकं असतं, त्यालाच तुझ्याकडे न्याय मिळतो."

एवढे बोलून महाराज नदीकडे निघून गेले. रागावले नाहीत. मागे वळूनही पाहिले नाही.

 भैरूने पिशवीतून पकड काढली आणि सातही खुंट्या भिंतीतून उपटल्या. हिंदुरावाच्या वस्तू एका फडक्यात नीट बांधून त्याच्या दारात ठेवल्या, आणि तो तान्हूबाईच्या घराकडे धावत सुटला.

आढ्याखाली

भैरू पोचला तेव्हा मेढ कलली होती. त्याने आत पाऊल टाकले आणि ती मोडलीच. आढे घसरले. त्याचे एक टोक आतल्या खोलीच्या दारावर आडवे येऊन बसले. आत तान्हूबाईची लेक आणि तिचे तीन दिवसांचे बाळ! भैरूने पिशवी टाकली आणि खाली शिरून आढे खांद्यावर घेतले. आता त्याला हलता येईना. हलला की सगळे छप्पर त्या खोलीवर बसणार. आळीतली सगळी पुरुषमाणसे ऊसतोडीला गेलेली. दारात जमल्या त्या चार म्हाताऱ्या.

एक प्रहर गेला. तेवढ्यात दारात हिंदुरावाचा फेटा दिसला. तो घामाने निथळत होता, त्याला श्वास लागला होता.

"मिस्त्री! चल आधी. काहिलीच्या बुडाचा खिळा ढिला झालाय. रस चुलाणात गळतोय. आख्खं आधण जाईल!"

"मालक, मला हलता येत न्हाई."

"अरे, चाळीस माणसांची मेहनत हाय त्या काहिलीत!"

"हितं दोन जीव हाईत, मालक. आत बाळंतीण हाय. तुम्ही एक खांदा द्या. दोघं मिळून वर ढकलू, टेकू लावू, आन् मी तुमच्या आधी गुऱ्हाळावर पोचतो."

"मी?"

"व्हय. तुमच्याबिगर हितं कोन हाय?"

हिंदुरावाने त्या बुटक्या दाराकडे, शेणाने सारवलेल्या जमिनीकडे, भिंतीला टेकून उभ्या म्हाताऱ्यांकडे पाहिले.

"निंबाळ्यानं ह्या घरात शिरायचं? गड्यासारखा खांदा लावायचा?"

"पाया पडते मालक," तान्हूबाई म्हणाली.

"तू गप. मिस्त्री, शेवटचं इचारतो. माझं काम का हिचं?"

"आज हिचं."

"मग उद्यापास्नं माझ्या मळ्यात पाय ठेवायचा न्हाई. गावात तुला कोन काम देतंय तेबी बघतो. आन् काहिलीचं काय? येणार हाय का तुझा करंजाखालचा गोसावी, हातोडी घेऊन? ये म्हणावं त्याला! मी वाट बघतोय!"

हिंदुराव गेला. भैरूच्या डोळ्यांत पाणी आले. अर्धा गाव त्याच माणसाच्या शब्दाने चालतो, हे त्याला ठाऊक होते. घरी चूल त्याच कामांवर पेटत होती. पण त्याने मागितले ते वेगळेच. डोळे मिटून तो म्हणाला, "महाराज, मी एक घर धरलं. दुसरं हातातनं सुटलं. त्या काहिलीत चाळीस माणसांचा घाम हाय. तेवढं तुमी बघा."

स्वतःसाठी एक शब्दही नाही!

काहील

हिंदुराव गुऱ्हाळावर परतला तेव्हा काहिलीपाशी, रस आटवायच्या त्या भल्यामोठ्या कढईपाशी, गूळ करणारा गुळव्या कपाळाला हात लावून बसला होता. रसाची धार चुलाणातल्या जाळात पडत होती आणि चर्र वाजत होती. चूल विझवावी तर गूळ बिघडणार, पेटती ठेवावी तर सांडून जाणार.

तोच नदीच्या वाटेने भैरू आला.

तीच पिशवी, तीच पांढरी टोपी, तीच किंचित तिरकी चाल.  काहिलीच्या कडेला गुडघे टेकून त्याने बाही वर सारली आणि उकळत्या रसात कोपरापर्यंत हात घातला.

गुळव्या ओरडला. बायकांनी तोंडावर पदर घेतले.

त्याने तळाशी चाचपून खिळा बोटाने दाबून धरला. दुसऱ्या हाताने चुलाणाच्या तोंडातून हातोडी आत घालून खालून तीन ठोके मारले. धार थांबली. हात बाहेर आला तो सोनेरी काकवीने माखलेला, आणि त्यावर एक फोडसुद्धा नव्हता!

हिंदुरावाला चमत्कार दिसला नाही. त्याला फक्त आपला विजय दिसला.

"आलास ना शेवटी?" तो हसून म्हणाला. "गेला का तुझा मोठेपणा?"

"तुम्हीच बोलावलंत की," तो माणूस म्हणाला. पिशवी उचलून आल्या वाटेने चालू लागला.

मुंग्या

हिंदुरावाला तेवढ्याने समाधान नव्हते. चार माणसांदेखत भैरूला नाक घासायला लावायचे होते. तो मागोमाग निघाला. माणूस पुढे दिसत होता, वाट एकच होती. करंजाच्या वळणावर मात्र तो दिसेनासा झाला.

झाडाखाली महाराज बसले होते.

"भैरू इकडं आला का?" हिंदुरावाने दरडावून विचारले.

"भैरू सकाळपासून तान्हूबाईच्या घरात आहे," महाराज म्हणाले. "आढं अजून त्याच्या खांद्यावर आहे."

"काय सांगता? आत्ता माझ्या गुऱ्हाळावर..."

बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. करंजाच्या मुळाशी मुंग्यांची एक लांबलचक रांग लागली होती. ती पोत्यावर चढली होती, घोंगडीवरून गेली होती आणि महाराजांच्या उजव्या हाताशी पोचली होती. हातावर कोपरापर्यंत मुंग्याच मुंग्या. महाराज हात जराही न हलवता त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होते.

"गोड लागलंय त्यांना," महाराज म्हणाले. "गूळ चांगला उतरणार तुमचा यंदा."

वाऱ्याबरोबर गुऱ्हाळाचा वास आला. तोच वास महाराजांच्या हातालाही होता.

हिंदुरावाने हात जोडले. "महाराज... मी तर तुमची टिंगल केली. माझं काम का केलंत?"

"भैरू माणूस आहे. त्याला दोन हात. त्याला एकच घर धरता येतं, म्हणून त्याला निवडावं लागतं. त्याने नीट निवडलं की जे घर सुटतं, ते आमच्याकडे येतं. आम्हाला कुठं निवडता येतं!"

हिंदुराव रडत पायांवर कोसळायला पुढे झाला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नको. तिकडे एक खांदा कमी पडतोय."

वाकणे

नांदरवाडीच्या म्हाताऱ्या सांगायच्या, हिंदुराव निंबाळ्याला पळताना गावाने त्याच दिवशी पाहिले. फेटा वाटेत कुठेतरी पडला. तान्हूबाईच्या दारात तो थांबलाच नाही. आत शिरला आणि भैरूच्या शेजारी आढ्याखाली उभा राहिला.

भैरूने मान वळवून पाहिले. 

"मालक, गुडघ्यातनं वाका. कमरेतनं नको."

हिंदुराव वाकला.

"आता माझ्याबरोबर. हं!"

आढे वर गेले. म्हाताऱ्यांनी टेकू सरकवला. आतले दार मोकळे झाले आणि तान्हूबाई आत धावली. थोड्या वेळाने बाळाच्या रडण्याचा आवाज उन्हात बाहेर आला. चांगला खणखणीत आवाज! चारही म्हाताऱ्या एकदम हसू आणि रडू लागल्या.

हिंदुराव भैरूच्या पायांवर वाकला. "मालक, असं करू नका," म्हणत भैरूने त्याला उठवायचा प्रयत्न केला. पण अर्धा दिवस भार पेलून त्याचे हात बधिर झाले होते. ते उचलेनातच.

त्यामुळे हिंदुराव बराच वेळ तसाच वाकलेला राहिला.

कल्याणगिरी महाराजांच्या कृपेने असे वाकणे तुम्हा-आम्हालाही लाभो.