कासारणीची मूठ

एका गावात एक कासार होता. बांगड्या भराव्यात तर त्यानेच, असं पंचक्रोशीतल्या बायका म्हणत. हात कितीही ताठ असो, हा जबरदस्ती करायचा नाही. हात हातात घेऊन माहेरची चौकशी करायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा, आणि हात सैल पडला की बांगडी अलगद चढवायचा.

अशा माणसाच्या घरी वेगळंच दुखणं आलं. कासारणीचं मन आजारी पडलं. ती भिंतीकडे तोंड करून बसे. जेवण नको, वेणी नको, कुणाशी बोलणं नको. वैद्याने औषध दिलं आणि सांगितलं, "गुण येईल, पण वेळ लागेल."

कासाराला तर ती उद्याच हसायला हवी होती. बिचाऱ्याचा जीव होता तिच्यावर, म्हणूनच घाई होती. सकाळ झाली की सुरू! "ऊठ. न्हाऊन घे. चार बायकांत जा. तुला कमी काय आहे?" फुकटचा सल्ला द्यायला आळीही होतीच.

गावदेवीची जत्रा आली. कासाराने पेटीतून हिरव्या बांगड्या काढल्या. "आज दर्शनाला यायचंच," म्हणत त्याने तिचा हात ओढला. तिने मूठ आवळली. त्याने जोर लावला. बांगडी फुटली, काच मनगटात घुसली आणि रक्त आलं.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "गिऱ्हाइकाचा हात असा नाही हो धरत तुम्ही."

उभ्या जन्मात कासाराच्या हातून कुणाला काच लागली नव्हती; लागली ती घरच्याच माणसाला. त्याला रडू आवरेना. त्याने काच काढली, हळद लावली आणि तिचा हात हातात घेऊन नुसता बसून राहिला.

पुढे तो रोज तसाच बसू लागला. वेळेवर औषध देई, दुकानातल्या गमती सांगे, मग ती ऐको न ऐको. स्वतः थकला की शेजारच्या काकूंना म्हणे, "काकू, जरा हिच्यापाशी बसता का? मी नदीवर जाऊन येतो." त्यात त्याला कमीपणा वाटेना.

एके दिवशी त्याच्या गप्पा चालू असतानाच तिची मूठ सैल झाली. त्याने हळूच बांगडी पुढे केली.

"एकच हं," ती म्हणाली.

"एक तर एक."

अजूनही कधी कधी ती मूठ मिटते. तेव्हा कासार बांगड्या पेटीत ठेवून देतो, पण हात सोडत नाही.

तात्पर्य काय, तर आजारी मनाला ओढून उभं करता येत नाही. त्याचा हात धरून बसावं लागतं, आणि आपण थकलो तर तो हात घटकाभर दुसऱ्याच्या हाती द्यावा.