चार सेकंदांचा चंद्र

"मग ह्यातला खोटा चंद्र कोणता, ते तुम्हीच सांगा अप्पा!"

मन्मथ मठाच्या ओसरीत उभा होता. अप्पा म्हणजे मठाचे स्वामी; त्यांच्या पाया पडायचंही त्याला सुचलं नव्हतं. भर दुपार, अंगणातल्या फरशा तापून पांढऱ्या पडलेल्या, आणि ह्याचं डोकं त्याहून तापलेलं.

भिंतीवर त्यानंच काढलेला फोटो टांगला होता. ग्रहणाचे पाच चंद्र एका ओळीत. दोन्ही टोकांना पुनवेचे पांढरे, त्यांच्या आत दोन कुरतडलेले, आणि मधोमध पुरता ग्रासलेला, तांबडा. पाचही सारखेच उजळ.

सकाळी साऱ्या गावासमोर त्याच्या वडिलांनी, इराप्पांनी, त्या तांबड्यावर बोट ठेवलं होतं. "हा खोटा आहे. पोरानं रंग भरलाय."

आता त्या मठात ग्रहण काही पाळत नाहीत. त्या रात्री सगळे अंगणात चुरमुरे खात बसले होते. चंद्र ग्रासला तसं असं अंधारून आलं, की इराप्पांना हातातलं ताट दिसेना. मग हा निखाऱ्यासारखा चंद्र आला कुठून, असं त्यांचं म्हणणं.

"रंग नाही भरलास?" अप्पांनी विचारलं.

"थेंबभर नाही. पाच फोटो वेगवेगळे घेतले, शेजारी शेजारी लावले. पांढऱ्याला कॅमेऱ्याचा डोळा पापणी लवायच्या आत मिटला. तांबड्याला चार सेकंद उघडा ठेवला. तेवढा वेळ दिला तरच तो असा दिसतो."

"चार सेकंद म्हणजे केवढे?"

मन्मथनं मोजून दाखवलं. एक... दोन... तीन... चार.

"बराच थांबलास की रे. हे बापाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं कुठं? सरळ खोटा म्हणाले." त्याचा आवाज चिरकला. "चारचौघांत बोलले, चारचौघांत शब्द मागं घ्यावा. नाहीतर आजपासून त्या घरात पाऊल टाकणार नाही. पिशवी भरूनच आलोय."

खांबाशी खरंच पिशवी होती.

अप्पांनी पिशवीकडे पाहून डोळे मिटले. ऐंशी पार केलेला माणूस; वाटावं, डोळा लागला.

"आत जा," मग ते म्हणाले. "समाधीपाशी कोण बसलंय, बघून ये."

मन्मथ उन्हातून तसाच गाभाऱ्याच्या दारात गेला, डोकावला, आणि मागं फिरता फिरताच ओरडला.

"कोणी नाही. नुसता दिवा आहे."

"परत जा. ह्या खेपेला आत बस. मी हाक मारेपर्यंत."

तो चडफडत बसला. आधी नुसता काळोख... मग समाधीचा दगड दिसू लागला. मग त्यावरची बेलाची पानं. मग पलीकडच्या भिंतीपाशी काही पांढरं... धोतर होतं ते. गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात. ते हात त्यानं लहानपणापासून पाहिलेले.

इराप्पा होते.

कधीपासून बसले होते कोण जाणे. डोळे त्याच्याकडेच लागलेले. अंधाराला सरावलेल्या त्या माणसाला पोरगा पहिल्या खेपेलाच दिसला असणार.



हाक यायच्या आधीच मन्मथ बाहेर आला.

"अप्पा... अण्णा आहेत आत."

"मघाशी नव्हता?"

"...असणार."

"मग? कुणी दिवा मोठा केला?"

"नाही."

मन्मथ मान खाली घालून उभा राहिला. अप्पांनी त्याला हात धरून जवळ बसवलं.

"मघाशी 'कोणी नाही' म्हणालास, ते त्यानं आत बसून ऐकलं. सकाळी तो जसा घाईनं बोलला, तसाच तूही. तुला खोटं पाडलं का त्यानं?"